एका चॅनेलवरचं गाऱ्हाणं

दादाच्या घशातली आवाजाची पेटी सोमवारी काढायची, असं डॉक्टरांनी आम्हाला आदल्या मंगळवारी सांगितलं. वहिनीने विचारलं, "पेटी काढली तर मग हे बोलणार कशाने?" डॉक्टर म्हणाले, "बोलणं जाईल, माणूस राहील." इतक्या सरळ बोलणाऱ्या माणसाचा एरवी मला राग आला असता. पण आठ महिने दादाचा घसा बसलेला होता आणि आठ महिने मी त्याला ज्येष्ठमधाच्या काड्या आणून देत होते. रागवायचंच तर स्वतःवर रागवायला हवं होतं.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. घाटकोपरला भटवाडीत राहतो, उभं आयुष्य पाण्याच्या लाइनी दुरुस्त करण्यात गेलं. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. मुलुंडला राहते आणि एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे. आमच्या घराण्यात कॉम्प्युटरला हात लावणारी पहिली मीच, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि पुढचं सगळं त्या स्वभावातूनच झालं.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक तरुण बाई भेटल्या. ऑपरेशननंतर पेशंटला पुन्हा बोलायला शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी गळ्याला टेकवायचं एक मशीन दाखवलं. त्यातून आवाज निघतो, पण तो कोणाचाच नसतो, पिठाच्या गिरणीत कोणी बोलावं तसा घरघरतो. जाता जाता त्या म्हणाल्या, "त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. आत्ता घरच्यांना सुचत नाही, नंतर फार जाणवतं."

दादाने तेव्हा नुसता हात झटकला. पण रिक्षात बसल्यावर तो बसक्या आवाजात मला म्हणाला, "माझा गाराणा भरून ठेव गो. तुझ्या त्या कॉम्प्युटरात."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ आणि विडा ठेवून, घरातल्या सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. आमच्याकडे गणपतीत, लग्नात, नवीन घरात जाताना, कोणी दुखणाईत असलं तर, गाऱ्हाणं घातल्याशिवाय पान हलत नाही. एक माणूस बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून होकार देतात. होकार आला नाही तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. आमचे वडील गिरणीत होते. ते चाळीत गाऱ्हाणं घालायचे, तेव्हा दोन्ही मजल्यांवरची माणसं जिन्यात येऊन उभी राहायची. वडील गेल्यावर ते दादाकडे आलं. वडिलांची वाक्यं त्याला तोंडपाठ, त्यात तो प्रसंगाप्रमाणे आपली भर घालायचा. गाऱ्हाण्याला उभा राहिला की त्याचा आवाजच बदलायचा. एरवी नळाच्या वायसरवरून कोणाशीही हुज्जत घालणारा हा माणूस तेव्हा इतका हक्काने आणि इतका नम्रपणे बोलायचा, की मला लहानपणी वाटायचं, देव आमच्याच वाडीतला कोणी थोरला माणूस असणार.

ते कुठे लिहिलेलं नव्हतं. मी एकदा वही घेऊन बसले होते, तर दादा म्हणाला, "ती काय वाण्याची यादी आसा?" कोणाच्या फोनमध्येही नव्हतं, कारण गाऱ्हाणं चालू असताना सगळ्यांचे हात जोडलेले असतात आणि त्यात कोणी फोन वर धरलाच तर दादा वाक्य अर्धं सोडून त्याच्याकडे बघायचा. आणि पुढे ते कोणाकडे जाणार, हाही प्रश्नच होता. दादाला एकच मुलगी. बायकांनी होकार द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं नाही, ही रीत. रीत चुकीची आहे असं मी दादाला कितीदा सांगितलं असेल, आणि त्याने कितीदा ऐकून घेतलं असेल. बदललं काही नाही.

म्हणजे सोमवार उजाडायच्या आत दादाचं गाऱ्हाणं दादाच्या आवाजात धरून ठेवायचं, एवढंच काम होतं. ते मी अंगावर घेतलं.

माझी भाची, दादाची मुलगी, एका औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. ती तेव्हाच म्हणाली, "आत्या, फोनवर कर ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"फोनवरचा आवाज दाबलेला येतो," मी म्हटलं. "मधेच कोणाचा फोन आला की गेलं. हे नीट व्हायला हवं. मी करते ना."

ती गप्प बसली. माझ्यापुढे ती नेहमीच गप्प बसते, आणि याचा मला तोवर अभिमान होता.

लॅपटॉप लॅबमधून निकालात निघालेला होता. मूळच्या सिस्टिमवर तो इतका हळू चालायचा की सुरू करून चहा टाकला तर चहा आधी व्हायचा. मी तो घरी आणला, पुसून त्यावर लिनक्स ही हलकी सिस्टिम टाकली, तर पोरगं धावायला लागावं तसा धावायला लागला. तीन वर्षं मी त्यावर सगळं करत होते. फक्त माइक कधी वापरला नव्हता. घरी एकटी असते, लॅपटॉपशी काय बोलणार.

बुधवारी कॉलेजातून आल्या आल्या मी रेकॉर्डर उघडला, लाल बटण दाबलं, "एक दोन तीन" म्हटलं आणि परत लावून ऐकलं. काहीच नाही. साधी खरखरसुद्धा नाही. सेटिंगमध्ये गेले, तर आवाज आत घेण्याच्या यादीत एकही नाव नव्हतं. कीबोर्डवर माइक बंद करायचं एक बटण असतं, त्याचा छोटा दिवा लागलेला आहे का पाहिलं. नव्हता. तरी चारदा दाबलं. विद्यार्थ्यांना मी दहा वेळा सांगते, एकच बटण परत परत दाबून काही होत नाही.

गुरुवारी टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडून विचारलं, या मशीनला ऐकायची साधनं कोणती. उत्तर आलं, एक: बाहेरून वायरीचा माइक जोडायचं भोक. वायरीचा माइक माझ्याकडे नव्हता. स्क्रीनच्या वर, कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना सुईने टोचल्यासारखी दोन बारीक भोकं दिसत होती, तेच आतले माइक. पण ते आपल्याला आहेत हे मशीनलाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी भाचीचा फोन आला. दादाने दुपारपासून बोलणं बंद केलंय, गाऱ्हाण्यासाठी घसा राखून ठेवतोय, असं ती म्हणाली. "झालं का गं तुझं?" असं वहिनी मागून विचारत होती. मी म्हटलं, होतंय.

एक वायरीचा माइक विकत आणायला स्टेशनजवळचं दुकान पाच मिनिटांवर होतं. ते मला सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि मी ते बाजूला सारलं. आपल्या हातातलं मशीन आपल्याला जुमानत नाही, हे मला सहन होत नव्हतं.

शुक्रवारी इंटरनेटवरच्या एका फोरमवर याच मॉडेलवाल्या कोणाची तरी तक्रार सापडली. माइक दिसत नाही, काय करू. खाली तोडगा होता: आतल्या माइकसाठी एक वेगळी छोटी फाइल लागते, ती टाका, मशीन बंद करून सुरू करा. टाकली. बंद केलं, सुरू केलं. यादीत माइकचं नाव आलं. आवाज तरीही येईना. मग आवाजाच्या पातळ्या दाखवणाऱ्या पडद्यावर पाहिलं, तर माइकची पट्टी शून्यावर आणि वर गप्प केल्याची खूण. ती काढली, पट्टी वर नेली. फोरमवर आवाज भरायची एक कमांड दिली होती, ती जशीच्या तशी उतरवली आणि पेपरातली एक बातमी वाचली.

ऐकलं तर माझाच आवाज, स्वच्छ. मागे शेजाऱ्यांचा मिक्सरसुद्धा ऐकू येत होता. मी भाचीला मेसेज केला, "झालं. रविवारी सकाळी येते." त्या फोरमवर तोडग्याच्या खाली अजून सात-आठ उत्तरं होती. ती मी वाचली नाहीत. आपलं काम झालं की पुढचं कोण वाचतं.

रविवारी सकाळी नऊला भटवाडीत पोचले. दादाने अंघोळ करून पांढरा सदरा घातला होता, कपाळाला गंध होतं. तीन दिवस तो कोणाशी बोलला नव्हता. देव्हारा त्यांच्याकडे भिंतीवर आहे आणि त्याखाली वहिनीचं शिलाई मशीन. मी म्हटलं, दादा, लॅपटॉपकडे तोंड करून बोलायला लागेल. तो बोटाने देव्हाऱ्याकडे दाखवायला लागला. देवाकडे पाठ करून गाऱ्हाणं होत नाही, हे मलाही कळत होतं. मग मी शिलाई मशीनवर पिठाचा डबा ठेवला, त्यावर लॅपटॉप, म्हणजे वर देव आणि खाली माइक. दादा समोर उभा राहिला. कॅमेरा त्याच्या नाकासमोर येईल असा मी त्याला उभा केला, फरशीच्या रेघेवर त्याची पावलं लावली. दोन्ही माइक सारख्या अंतरावर यावेत म्हणून वहिनीच्या मोजपट्टीने दोन्ही बाजूंनी मापसुद्धा घेतलं. भाची हसली. दादाही हसला, आवाज न करता.

"दादा, एकदा ट्रायल घेऊया का? नुसतं दोन वाक्यं."

तेव्हा तो त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलला. "देवाक ट्रायल हाक मारतत?"

गाऱ्हाणं उगाच घालत नाहीत, उगाच बोलावलं की देव खऱ्या वेळी येत नाही, हे मी स्वतः लहान चुलत भावंडांना सांगत आलेली. आणि दुसरं काही बोलायला लावून त्याचा घसा वाया घालवायचा नव्हता. मी म्हटलं, बरं, थेट.

मी सगळ्यांना फोन बंद करायला लावले. भाचीचा फोन शेवटी राहिला, तोही मी हातातून घेऊन बंद केला आणि कपाटावर ठेवला. फॅन बंद, खिडकी बंद. मग टर्मिनलमध्ये कमांड लिहिली. फोरमवरची नाही, माझ्या हाताला सवय असलेली. आमच्या लॅबमध्ये मुलांच्या तोंडी परीक्षा रेकॉर्ड होतात, आणि जागा वाचवायला त्या आम्ही एकाच चॅनेलवर, म्हणजे दोन्ही माइकचा आवाज एकत्र करून, घेतो. एक माणूस, एक चॅनेल. दोन चॅनेल लागतात ते गाण्याबजावण्याला. वर्षानुवर्षं हेच लिहून बोटांना पाठ झालंय. शेजारच्या खिडकीत आवाजाच्या दोन पट्ट्या, डावी आणि उजवी, हलताना दिसत होत्या. मी लॅपटॉपच्या उजव्या बाजूला उभी राहिले. वहिनी आणि भाची डावीकडे दाराशी. मी दादाला मान हलवून खूण केली.

दादाने नारळावर हात ठेवला. "बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, आणि आवाज फुटला. खोकला. मला वाटलं, संपलं. मग त्याने डोळे मिटले, पुन्हा सुरुवात केली, आणि आठ महिन्यांत आम्ही ऐकला नव्हता तो आवाज आला. होता बसकाच, पण आतून आला. वडिलांची वाक्यं एकामागून एक यायला लागली, आम्ही होकार देत गेलो. गावच्या देवाचं झालं, वाडीचं झालं, पूर्वजांचं झालं. मग तो स्वतःवर आला. ते सगळं मला आता आठवत नाही. जेवढं आठवतं तेवढं लिहिते.

"उद्या डॉक्टर जा काय कापतीत, ता कापूंदेत. तेंच्या हातात तू रव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या बापाशीन जा तुका सांगल्यान, ताच मी आजपर्यंत सांगत इलंय. काय चुकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्यामागे ह्या घरात सांगूक कोण नाय, म्हणान ह्या घराक इसरू नको रे म्हाराजा."

इथे भाचीच्या तोंडून होकार निघेना. वहिनीचाही नाही. मीच एकटीने "व्हय म्हाराजा" म्हटलं, मोठ्याने, कारण होकाराशिवाय त्याला पुढे जाता आलं नसतं.

गाऱ्हाणं संपलं. दादाने नारळ फोडला आणि तसाच खाली पाटावर बसला. घामाने सदरा भिजला होता. मी रेकॉर्डिंग थांबवलं. अकरा मिनिटं आणि काही सेकंद. फाइल केवढी झाली पाहिलं, तर अकरा मिनिटांची व्हायला हवी तेवढीच झाली होती. मी लॅपटॉप दादाकडे वळवला. "ऐकायचं का?"

"नाय," तो म्हणाला. आवाज परत गेला होता, नुसती हवा येत होती. "माझो आवाज अजून माझ्या गळ्यात आसा. तो डब्यातसून कित्याक ऐकू? गेल्यावर ऐकान."

त्याचं म्हणणं मला पटलं. त्याच्यासमोर हेडफोन लावून आपण एकटीने ऐकणं तर मला अगदीच ओंगळ वाटलं, मेल्या माणसाचे कपडे तो जिवंत असताना वाटून घेतल्यासारखं. फाइल होती, वेळ बरोबर होती, पट्ट्या माझ्या डोळ्यांसमोर हलल्या होत्या. मी लॅपटॉप मिटला. वहिनीने सगळ्यांना खोबरं वाटलं.

सोमवारी सकाळी त्याला आत नेलं आणि संध्याकाळी बाहेर आणलं. मंगळवारी कोणाला भेटू दिलं नाही. बुधवारी दुपारी हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरच्या बाकावर वहिनी रडत बसली होती. मला वाटलं, तिला ऐकवावं, तेवढाच धीर येईल. आधी आवाजाची पातळी बघून घेऊ म्हणून मी पिशवीतला लॅपटॉप काढून हेडफोन लावले.

शांतता होती. मला वाटलं, सुरुवातीची आहे. मग लांबून, विहिरीच्या तळातून यावं तसं, "व्हय म्हाराजा." माझा आवाज. पुन्हा शांतता. पुन्हा मी. मग भाची आणि वहिनी, पुसट. मी आवाज शेवटपर्यंत वाढवला. खरखर वाढली, होकार वाढले, बाहेरच्या कावळ्याची काव काव आली. दादा नव्हता. एक मिनिट पुढे गेले, पाच मिनिटं पुढे गेले. प्रत्येक वेळी तेच, शांतता आणि होकार. कोणीच काही बोलत नव्हतं आणि आम्ही तिघी हो म्हणत होतो.

"कसं आलंय गं?" वहिनीने विचारलं.

मी म्हटलं, "छान आलंय."

काय झालं ते मला त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कळलं, त्याच फोरमवर, मी न वाचलेल्या उत्तरांत. या मॉडेलमध्ये दोन माइकपैकी एकाची जोडणी उलटी आहे. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. दोन्ही वेगवेगळ्या चॅनेलवर घेतले तर काही बिघडत नाही, म्हणून माझी बातमी नीट आली होती. पण दोन्ही मिळून एक चॅनेल केला, की दोन बाजूंनी सारख्या जोराने ओढलेल्या दोरीसारखं होतं, दोरी जागची हलत नाही. जो आवाज दोन्ही माइकवर अगदी सारखा पडतो, तो पुरता मिटतो. बाजूने येणारा आवाज एका माइकवर जरा आधी पोचतो, म्हणून त्याचं थोडंफार उरतं. खाली कोणीतरी दोन ओळींत उपायही लिहिला होता: एक माइक बंद करा. तेवढंच. एका बोटाचं काम होतं.

मी मोजपट्टी लावून त्याला मधोमध उभा केला होता.

आमच्याकडे आवाजाच्या कामातले एक सर आहेत, त्यांना फाइल दाखवली. त्यांनी अर्धा तास खटपट केली. म्हणाले, "मॅडम, दबलेलं वर काढता येतं. यात ते पडलंच नाहीये." मी कॉलेजातून निघून बसस्टॉपवर गेले आणि दोन बस सोडल्या. मला रडू येत नव्हतं. आपल्याला कोणीतरी एक सणसणीत कानाखाली द्यावी असं वाटत होतं, आणि ती देऊ शकणारा एकच माणूस नळ्या लावून झोपला होता.

शुक्रवारी त्याला भेटू दिलं. गळ्याच्या खालच्या बाजूला भोक होतं आणि श्वास तिथून येत-जात होता. मला पाहिल्यावर त्याने डोळे मोठे केले, हात कानाशी नेला आणि भुवया उंचावल्या. ऐकलंस का, असं विचारत होता. मी मान डोलावली. त्याने अंगठा वर केला. नर्स म्हणाल्या, "आज पहिल्यांदा हसले हो."

तिथून पुढे ते खोटं मी पाच महिने सांभाळलं. हॉस्पिटलात त्याला रेडिएशनचे शेक देत होते, तेव्हा म्हटलं, आत्ता नको. त्याचं वजन उतरलं, तेव्हा म्हटलं, आत्ता नको. गिरणीसारखा घरघरणारा तो मशीनचा आवाज त्याने दोनदा काढला आणि मशीन कपाटात ठेवून दिलं. लहान मुलांची असते तशी एक पांढरी पाटी आणि स्केचपेन घेऊन तो वावरायला लागला. एकदा भाचीने विचारलंच, "आत्या, पाठव ना मला ते." मी म्हटलं, साफ करतेय, खरखर आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर तिने पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं होतं, आणि मी तिच्या हातातून फोन घेऊन कपाटावर ठेवला होता, हे तिने मला एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

मधल्या काळात मी एक वही केली. वहिनीला आठवेल ते, भाचीला आठवेल ते, गावच्या चुलतभावाला फोन करून त्याला आठवेल ते, सगळं उतरवलं. तिघांची वाक्यं तीन तऱ्हेची. त्या रविवारी दादाने घातलेली भर तर निम्मीसुद्धा कोणाला सांगता येईना. आम्ही सगळ्यांनी तिथे उभं राहून ऐकलं होतं, पण रेकॉर्ड होतंय म्हणून कोणी लक्षात ठेवलं नव्हतं.

गणपतीला चार दिवस असताना दादाने पाटीवर लिहिलं, ते भाचीने फोटो काढून मला पाठवलं. "यंदा माझा गाराणा लावूचा. लॅपटॉप घेवन ये."

आता पुढे ढकलायला काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, भाची कामावर असताना मी गेले. वहिनी मखराला झिरमिळ्या लावत होती. दादा कॉटवर बसला होता, गळ्याला सुती रुमाल बांधलेला. मी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. आधी सगळं सांगावं असं ठरवून गेले होते, गाडीत भांडुपपासून वाक्यं जुळवत होते. पण त्याने रुमाल सरळ केला, पाय खाली सोडले, हात जोडले आणि डोळे मिटले. ते बघून माझी वाक्यं गेली. मी बटण दाबलं.

खरखर सुरू झाली. वहिनी झिरमिळ्या ठेवून आली आणि तीही हात जोडून उभी राहिली. पहिला होकार आला. दादाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दुसरा आला. तिसऱ्याला त्याने डोळे उघडले आणि कान लॅपटॉपकडे केला. वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी फरशीकडे बघत होते. त्याने आवाजाचं बटण स्वतः शोधून वाढवलं. सगळं घर आमच्या तिघींच्या "व्हय म्हाराजा"ने भरलं, आणि मधे मधे काहीच नव्हतं.

मी थांबवायला हात पुढे केला, तर त्याने तो धरला आणि तसाच धरून ठेवला. पूर्ण अकरा मिनिटं त्याने ऐकलं. एका ठिकाणी मी एकटीच मोठ्याने हो म्हटलेलं आलं. तेव्हा त्याच्या गळ्यातल्या भोकातून सूं करून हवा आली, आणि रुमाल हलला.

संपल्यावर त्याने हात सोडला. उशीजवळची पाटी घेतली, स्केचपेनचं टोपण दाताने काढलं. लिहायला त्याला वेळ लागला.

"ह्यात मी खय आसंय?"

मी म्हटलं, "तू नाहीस त्यात, दादा. आम्हीच आहोत."